मोकळी केलेली गाडी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला गरीब गाय समजायला नको. लेक लग्नाआधी म्हणायची की बाबांची गाडी बोळाच्या तोंडाशी असते तेव्हाच बाबांचा आवाज घरात पोचलेला असतो. ती आता सासरी आहे. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको. गोठ्यात एक म्हैस, दारात एक पिकअप.

पिकअप दुधाची. पहाटे ताम्हिणीच्या अंगाला वर जायचं, वाड्यावस्त्यांवर थांबत थांबत दूध घ्यायचं, कॅन भरले की खाली भुकूम-भूगावच्या सोसायट्यांमध्ये पोचवायचं. तिथं लातूर, नगर, नागपूर अशी कुठून कुठून नोकरीला आलेली माणसं राहतात, पिशवीच्या दुधाला कंटाळलेली. गावचं दूध म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. मीपण लबाड, त्यांना दुधापेक्षा गावच जास्त विकायचो. येताना पेंडीची पोती, ढाब्यांचा किराणा, जे मिळेल ते भाडं घेऊन परत.

आमचं घर मोठ्या रस्त्यापासून आत आहे. पूर्वी घराशेजारी आमचंच भाताचं खाचर होतं, पीक निघालं की त्यात गाडी गर्रकन वळायची. ते खाचर आम्ही पुण्याच्या एका साहेबांना विकलं. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर आठ फुटी भिंत घातली. बंगला अजून नाही, भिंत मात्र आहे. मग उरला एक बोळ. एका अंगाला ती भिंत, दुसऱ्या अंगाला ओहोळ, मध्ये पिकअप जाईल एवढी वाट. सरळ आत शिरलं तर निघताना उलटं मोठ्या रस्त्यावर यावं लागतं, आणि त्या रस्त्यावर पावसाळ्यात धबधबे बघायला निघालेली मंडळी गाड्या अशा हाकतात, जणू धबधबा पळूनच चाललाय. म्हणून गाडी रोज उलटी आत घ्यायची. मागं ताडपत्री, कॅन, पोती, आणि आरशावर पावसाचं पाणी. मला मागचं काही म्हणता काही दिसायचं नाही.

दिसायचं ते बायकोला. मी हॉर्न दिला की ती हातातलं काम टाकून ओट्यापुढं येऊन उभी राहायची, गाडीच्या बरोब्बर मागं, आणि हाळी द्यायची. येऊ द्या, येऊ द्या, भिंतीकडं घ्या थोडं, येऊ द्या, बास. पंधरा वर्षं हे चाललं होतं. तीन गाड्या बदलल्या, मागं उभं राहणारं माणूस तेच. शेवटी बाजूला सरून तिनं बास म्हटलं की मी ब्रेक दाबायचो, उतरून बघावं तर गाडीचा मागचा फाळका आणि ओटा यांच्यात वीतभर अंतर. कॅन पाय न भिजवता ओट्यावर. एवढ्या वर्षांत मी तिला कधी शाबास म्हटल्याचं आठवत नाही. एकदाच फाळका ओट्याला घासला, तेव्हा मात्र अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो होतो, ते चांगलं आठवतं.

तिला दमा. माहेर घाटावरचं, तिथं पावसाळ्याचे चार महिने घर बंद करून आत चूल पेटती ठेवायची रीत. लहानपणापासून त्या धुरात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा चढ चढताना थांबायची, आणि मी तिला चिडवायचो की घाटावरची पोर आणि चढाला भितीस. पुढं कळलं. पौडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पंप घ्यायचा, आणि धूर एकदम वर्ज्य. चुलीचा, काडी-कचऱ्याचा, उदबत्तीचासुद्धा. मी त्याच आठवड्यात कुदळ घेऊन चूल काढली आणि गॅस आणला. तेव्हा आई होती, तिनं लई आदळआपट केली, गॅसच्या भाकरीला चव नसते म्हणाली. मी म्हटलं, चव गेली खड्ड्यात, हिचा जीव महत्त्वाचा. हे वाक्य मी नंतर गावात चार ठिकाणी सांगितलं. लोक म्हणायचे, बायकोला जपावं तर असं. मलापण ते खरं वाटायचं.

आता गाडीचं. नवी पिकअप घेतली ती बीएस सिक्सवाली. शोरूममधल्या पोरानं सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल घालून फिरवला आणि बाहेर काढून दाखवला, रुमाल पांढराच. बायको सोबत होती. तिनं स्वतः बोट घालून बघितलं. घरी आल्यावर शेजारणीला सांगत होती की ही गाडी गुणाची आहे, मागं उभं राहिलं तरी ठसका लागत नाही.

गुण तिचे, पण त्रास माझ्या वाट्याला. या गाड्यांना सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, त्यात बारीक जाळी. इंजिनची काजळी त्या जाळीत अडकते. गाडी लांबवर एका दमात पळाली की डबा तापतो आणि काजळी आतल्या आत जळून जाते. पण माझी गाडी एका दमात पळणार कधी? वर दर फर्लांगाला एक किटली घेऊन कुणीतरी उभं, खाली भुकूमपासून पुढं ट्रॅफिक. जाळी तुंबायची. मग समोर पिवळा दिवा लागायचा, आणि दिव्याकडं दुर्लक्ष केलं की गाडी रुसायची. रुसायची म्हणजे चढावर ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी रांगत चालायची. मागनं हॉर्नवर हॉर्न. एक सायकलवाला मला मागं टाकून गेला, वर वळून हसला. माझं टाळकं सरकलं.

कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. तिथला साहेब शर्टाला डाग न लागलेला. म्हणाला, काका, रोज अर्धा तास गाडी साठच्या स्पीडनं पळवायची, फिल्टर आपोआप साफ होतो. मी म्हटलं, साहेब, एकदा तुम्ही या आणि चांदणी चौकातून भूगावपर्यंत साठनं पळवून दाखवा, मी तुमचा सत्कार करतो. तो नुसता हसला. त्यांनी लॅपटॉप लावून जाळी साफ करून दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा पिवळा दिवा.

वैशाखात एक दिवस घाटातच गाडी बसली. ढकलत, रांगत, थांबत खाली आलो तोवर ऊन वर आलेलं. सोसायटीत कॅन उघडला तर दुधाचा वास फिरलेला. सगळं दूध रस्त्याकडेच्या नाल्यात ओतलं. ज्यांनी पहाटे उठून ते काढलं होतं त्यांना मी काय तोंड दाखवणार होतो? त्यातली अर्धी नात्यागोत्यातली. दोघांनी दुसऱ्या दिवसापासून दूध दुसऱ्याला घातलं.

त्या दोन-तीन महिन्यांत मी घरात माणसासारखा वागलो नाही, हे कबूल करतो. आमटीत मीठ कमी म्हणून ओरडलो, जास्त म्हणून ओरडलो. टॉवेल सापडला नाही म्हणून ताट लोटलं. पिवळा दिवा गाडीत लागायचा आणि घरात मी पेटायचो. बायको उलटून एक शब्द बोलायची नाही. मी सुरू झालो की ती उठून गोठ्यात जायची, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहायची. माझा आवाज थांबला की परत यायची.

मग दुसऱ्या एका पिकअपवाल्यानं भुकूमच्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, माणूस हुशार, तोंडात कायम सुपारी. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि म्हणाला की मालक, हिचं नरडं आवळलंय, मोकळी करून टाकतो. मी विचारलं, चालतंय का असं? तो म्हणाला, चालत नाही, पण सगळ्यांच्या चालतायत. आणि त्यावर मी हसलो. इतकं सोपं होतं ते. कटरनं डबा कापला, आतली जाळी, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची, ठोकून ठोकून बाहेर काढली आणि रिकामा डबा परत झाळून बसवला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये. इंजिनकडं धूर परत फिरवणारी एक नळी असते, तिलाही पत्रा मारला. मग एक जण लॅपटॉप घेऊन आला आणि गाडीच्या कॉम्प्युटरला पढवून गेला की जाळी जागेवर आहे. पिवळा दिवा कायमचा विझला.

मला धुराचं काहीच वाटलं नाही का? खरं सांगायचं तर वाटलं. मिस्त्रीनं गाडी चालू करून रेस केली तेव्हा मागं काळा लोट उठला आणि शेडबाहेर चहा पिणारे दोघं कप झाकत उठले. मी मनात म्हटलं, धूर काय, रस्त्यावर निघून जातो. आम्ही चुलीच्या धुरात जन्म काढलेली माणसं, आमच्या लेखी धूर म्हणजे घरातला धूर. डॉक्टर वर्ज्य म्हणाले तो चुलीचा. गाडीचा धूर बाहेरचा, तो वाऱ्याचा, तो कुणाचाच नाही. असं माझं डोकं चालत होतं, आणि गाडी रोज उलटी घरात येते हे त्या डोक्यात शिरलं नाही.

घाट मात्र काय चढली गाडी! भरल्या कॅनांनिशी तिसऱ्या गेअरमध्ये. मी वर पोचून गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि बॉनेटवर थाप मारली. घरी येताना गाणं म्हणत आलो. बोळाच्या तोंडाशी हॉर्न दिला, बायको बाहेर आली, येऊ द्या म्हणायला लागली. गाडी ओट्याला लागल्यावर मी उतरलो तर ती पदर नाकाला लावून उभी होती. आज आवाज वेगळाच येतोय म्हणाली. मी सांगितलं, मोकळी करून आणली. ती बरं म्हणाली आणि कॅन उतरवायला लागली. त्या दिवशी जेवताना मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि कालवण चांगलं झालंय म्हणालो.

पावसाळा लागला. पहिली तक्रार आली ती भूगावच्या सोसायटीतून. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई खाली आली, आयटीवाली, बोलायला नीट. काका, तुमच्या गाडीचा धूर आमच्या बाल्कनीत येतो, वाळत घातलेले कपडे काळे होतात, पीयूसी आहे का तुमच्याकडे? माझं डोकं फिरलं. तुमच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या तेव्हाची धूळ आम्ही खाल्ली, तेव्हा कुणी विचारायला आलं नाही, असं बरंच काही बोललो. पीयूसीचा कागद काढून नाचवला. कागद होताच, कागदाला कुठं काजळी लागते? पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी गेटच्या बाहेर लांब उभी करून कॅन ढकलगाडीवरून आत न्यायला लागलो. त्या बाईनं थँक्यू काका म्हटलं. परक्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांसाठी मी एवढं केलं.

घरी काय होत होतं ते मला दिसत होतं, पण मी बघत नव्हतो. साहेबांच्या भिंतीवर ओट्याजवळ काळा पट्टा उमटला. मला उलट गंमत वाटली, बरी जिरली म्हटलं. बायको आपली लुगडी वेगळी भिजवायला लागली. सकाळी खोकताना काळी थुंकी पडायची, ती तिनं पायानं मातीत लोटलेली मी एकदा पाहिली. विचारलं तर म्हणाली, मशेरीची असंल. ती मशेरी लावायची, म्हणून मी सोडून दिलं. पंप लवकर संपायला लागला. मी म्हटलं, पावसाळ्यात वाढतोच तुझा.

श्रावणाच्या सुमारास ती तोंडाला ओढणी बांधून गाडीमागं उभी राहायला लागली, कॉलेजच्या पोरी स्कूटरवर बांधतात तशी. लेकीची जुनी ओढणी, गुलाबी. मी खिडकीतून डोकं काढून म्हणायचो, काय मॅडम, कंच्या कॉलेजला? शेजारणीपण हसायच्या. तीही ओढणीआडून हसायची, आणि हसता हसता खोकायची.

मग तिचा आवाज पुरेना. एक तर जाळी काढल्यापासून गाडी गरजायची, आणि पत्र्यावर पाऊस. येऊ द्या, येऊ द्या म्हणताना ती मध्येच थांबायची, दम घ्यायची, आणि मी केबिनमधून वराडायचो, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस काय? तिनं आपल्या परीनं तोड काढली. बोलायच्याऐवजी हातानं फाळक्यावर थापा मारायला लागली. थाप, थाप, थाप म्हणजे येऊ द्या. थापा थांबल्या की थांबायचं. चांगलं चाललं होतं. दोन-चार दिवसांनी तिचा तळहात लाल झालेला मी बघितला, आणि मलाच दया आली. मी म्हटलं, कशाला सारखी हात बडवून घेतेस. गप उभी राहा. थांबायचं असंल तेव्हाच दोनदा मार, तोवर मी येत राहतो.

हा नियम मी केला. तिच्या हाताला त्रास नको म्हणून केला. ती मान हलवून हो म्हणाली.

त्या दिवशी पाऊस असा होता की बोळात ओहोळ आणि वाट एक झालेली. पेंडीची पोती भरलेली, ताडपत्री घट्ट. हॉर्न दिला, आरशात गुलाबी ओढणी आल्यासारखी वाटली, मी रिव्हर्स टाकला. चिखलात चाक फिरत होतं म्हणून रेस देत, हळूहळू घेत राहिलो. दोन थापांची वाट बघत होतो. डाव्या अंगाला जास्वंदीचं झाड लागतं, ते खिडकीशी आलं की ओटा दोन-तीन हातांवर राहतो आणि कुठल्याही क्षणी थाप पडते, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. झाड खिडकीशी आलं. थाप पडली नाही. मी अजून थोडी घेतली. झाड पुढं सरकलं. माझा पारा चढला. ब्रेक दाबला, डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "झोपलीस का काय गं?"

मी दार आपटून उतरलो. तोंडात पुढची शिवी तयार होती.

ती ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. पाय चिखलात पसरलेले, एक हात वर केलेला, फाळक्याकडं, पण पोचलेला नाही. ओढणी गळ्यात आलेली. तोंड उघडं, आणि छाती नुसती वर-वर जात होती, खाली येत नव्हती. फाळका तिच्या कपाळापासून वीतभर. गाडी चालूच होती. सायलेन्सरचं तोंड ओट्याकडं, भिंत, ओटा आणि ताडपत्री यांच्यात धूर कोंडलेला, आणि त्यात ती. मी पहिल्यांदा तिथं उभा राहिलो. माझ्या डोळ्यातनं पाणी आलं ते आधी धुरानं आलं.

ॲम्ब्युलन्सला फोन केला, ते येतो म्हणाले, पण वाट बघायची सोय नव्हती. ओठ निळे पडत चालले होते. तिला उचलून त्याच गाडीत पुढं बसवलं, पट्टा लावला, पंप तोंडाला धरला. पंप ओढायला आत दम तर हवा. पौडपर्यंत मी गाडी अशी पळवली की पंधरा वर्षांत कधी पळवली नसेल. कुठं रुसली नाही, कुठं रांगली नाही. चढ आला की मी पाय दाबायचो आणि ती उसळून वर जायची. आणि दर वेळी मागं काळा लोट. मी आरशात बघायचं टाळत होतो. बायकोनं माझ्या शर्टाची बाही धरली होती, ती तिनं शेवटपर्यंत सोडली नाही.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सुया दिल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात धूर असतो का? चूल पेटवता का पुन्हा? मी म्हटलं, नाही साहेब, गॅसच आहे, चूल मी माझ्या हातानं काढली. खरं बोललो. एका शब्दानं खोटं बोललो नाही. ते म्हणाले, मग एवढं का वाढलं कळत नाही, शेजारी कुणी टायर-बियर जाळतं का बघा. बघतो म्हणालो. त्यांनी सांगितलं की या वेळी निभावलं, पण फुप्फुसातला जो भाग गेला तो गेला. आता आहे तेवढं जपायचं.

लेक येऊन तिच्याजवळ बसली, आणि मी गाडी घेऊन भुकूमला मिस्त्रीकडं गेलो. म्हटलं, काढलंस ते परत बसव. तो सुपारी चघळत म्हणाला, मालक, ती जाळी कवाच भंगारात गेली, तिला भाव असतोय. मी त्याच्या गचांडीला हात घातला. त्यानं हात सोडवला नाही. एवढंच म्हणाला, "मालक, गाडी तुमीच आणली हुती हितं." मी हात काढला. कंपनीकडं गेलो तर तो स्वच्छ शर्टाचा साहेब म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये छेडछाड आहे, नवा डबा मागवावा लागेल, सगळं मूळपदावर आणायला वेळ जाईल. मागवा म्हटलं. गाडी तिथंच ठेवली आणि एसटीनं पौडला आलो. दूध कुठं घालायचं म्हणून फोन येत होते, ते घेतले नाहीत.

एसटीत बसून मी ठरवलं की तिला सांगायचं. डॉक्टरांना नाही सांगितलं, लेकीला नाही सांगितलं, पण तिला सांगायचं. मी तिला कधी काही कबूल केलं नव्हतं, तो फाळका घासला ती माझी चूकसुद्धा नाही. कसं बोलायचं ते मनात तीन-चारदा घोळवलं. तिला मिस्त्रीचं काय कळणार, जाळी म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागेल, असंही मनात आलं.

दुपारची वेळ होती. लेक जेवणाचा डबा आणायला गेलेली. बायको उशांना टेकून बसली होती, तोंडावर मास्क, पण नजर शुद्धीवर. मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. डबा कापला ते, जाळी काढली ते, लॅपटॉपवाला, भूगावची ती बाई, गेटच्या बाहेर गाडी लावत होतो तेसुद्धा. शेवटी म्हटलं, तुझं हे माझ्यामुळं झालं.

तिनं मास्क बाजूला केला.

"पयल्याच दिवशी कळलं हुतं मला," ती म्हणाली. "मागं मी उबी ऱ्हाती. तुमी न्हाई."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? विचारताना माझा आवाज नेहमीसारखाच चढला, पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं वळून बघितलं.

बायकोनं दोन-चार श्वास ओढून घेतले.

"गाडी मोकळी झाल्यापास्नं घरात आरडावरड न्हवती," ती म्हणाली. "लई बरं वाटत हुतं. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

तिनं मास्क परत नाकावर ओढून घेतला. तेवढ्यात नर्स वाफेचं मशीन घेऊन आली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.